जोडाच्या शेजारी

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की आधी ती वाजवून बघितली जायची. टरबूज वाजवून बघणारे पुष्कळ असतात, पण आमचे पप्पा स्टीलचा डबा, चहाची बशी, खुर्चीचा पाय, सगळंच वाजवून बघत. घर भाड्यानं घ्यायच्या आधी त्यांनी घरमालकासमोर भिंतीसुद्धा वाजवून बघितल्या होत्या, असं आई सांगायची. मधलं बोट वाकवून टक्-टक् करायचं, मान डावीकडे तिरकी करायची आणि डोळे मिटून ऐकायचं. वाळूजच्या एका कंपनीत ते वेल्डर होते. टाका मारून झाला की लहान हातोडीनं तो वाजवायचा, नीट बसलेला जोड खणखणीत बोलतो आणि आत पोकळ राहिलेला थप् करतो, हे त्यांचं रोजचं काम होतं. शिफ्ट संपल्यावर ते कंपनीतच साबणानं हात-तोंड घासून घरी येत, पण ही सवय काही त्या साबणानं निघाली नाही.

एका उन्हाळ्यात त्यांनी शहागंजातून माठ आणला. दुकानातले निम्मे माठ वाजवून, दुकानदाराला पुरता वैताग आणून, मग हा एक निवडला होता. माठ पहिल्या दिवसापासून गळायला लागला. आईनं त्याच्याखाली आधी ताटली ठेवली, मग परात ठेवली. पप्पांनी विचारलं, "ही परात कशाला?" आई म्हणाली, "पाझरतो हो लई. म्हणून तर पाणी एवढं गार व्हतंय." सुगतदादानं आणि मी एकमेकांकडे बघून ओठ दाबले. आख्खा उन्हाळा आम्ही आळीपाळीनं ती परात उपसत होतो. पप्पांनी वाजवून पसंत केलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा होता आणि तो पप्पांनी नव्हे, आम्ही केलेला होता. ते मारकुटे नव्हते, तापटही नव्हते. पण त्यांच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या आज्याचा, जन्म पैठणकडच्या खेड्यात दुसऱ्याच्या शेतावर गेला आणि तिथं त्याला कुणी कधी काही विचारलं नाही. पप्पांना कंपनीत विचारत. "मगरे, जरा बघा हा जोड," असं कुणीतरी म्हणालं, हे घरी सांगताना त्यांचा चेहरा जो उजळायचा, त्याला धक्का लावायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, त्या परातीतच सगळं होतं. पण तेव्हा आम्हाला नुसतं हसू यायचं.

रांजणगावात आमच्या दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं छप्पर टाकलेलं लांबट अंगण. शेजारच्या प्लॉटवर पत्रा दाबून भाग काढणारं प्रेसशॉप होतं. त्याचा दणका दिवसभर जमिनीतून यायचा, त्यानं मांडणीवरचे पेले किणकिणायचे आणि बाबासाहेबांच्या फोटोची चौकट भिंतीवर हळूहळू वाकडी व्हायची. सकाळी भाकरी थापण्याआधी आई ती सरळ करायची. घरातलं सगळं लोखंडी सामान पप्पांच्या हातचं होतं. दिवाण, मांडणी, कपडे वाळत घालायचा घोडा, माझं अभ्यासाचं टेबल. सुतळी, तार, चिकटपट्टी यांचा त्यांना मनापासून तिटकारा. "बांधलेलं म्हंजी आज ना उद्या सुटनारच," असं म्हणत. दाराची कडी एकदा आईनं तारेनं बांधून ठेवली तर त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

माझा भाऊ सुगत माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. शिक्षणात त्याचं मन लागलं नाही, शहरात एका सायकलच्या दुकानात तो कामाला लागला आणि तिथून त्याला डोंगराचं वेड लागलं. पुण्याकडच्या एका पोराची जुनी सायकल त्यानं मिळवली आणि दुकानातच खोलून, घासून, सुटे भाग बदलून उभी केली. डोंगर उतरायची सायकल. चढायची नव्हे, नुसती उतरायची. पुढचा चिमटा मोटारसायकलसारखा दुहेरी, मागं शॉकप, रुंद टायर आणि वजन असं की मला ती एकटीला उचलता यायची नाही. ही पोरं टेम्पोत सायकली घालून डोंगरावर न्यायची आणि वरून स्वतःला सोडून द्यायची. पप्पांनी पहिल्याच दिवशी तिची फ्रेम वाजवली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "अल्युमिनम हाय. आन् चढाला येत नाय ती सायकल कसली? नुसता रेडा हाय ह्यो." तेव्हापासून तिचं नाव रेडा पडलं. दादाला मी एकदाच म्हैसमाळच्या उतारावर बघितलं. पेडलवर उभा, गुडघे सैल, खालचे दगड त्याच्या पायांपर्यंत पोचतच नाहीत असं वाटत होतं. घरात कायम पडेल चेहऱ्यानं वावरणारा माझा भाऊ तिथं मोठ्यानं ओरडत खाली येत होता. मला त्याचा हेवा वाटला.

त्याच उतारावर तो पडला. शर्यत नव्हती, कुणी बघतही नव्हतं, एक धोंडा सुटला आणि डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण गुडघा पुरता वाकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. गुडघा वाकला नाही तर पेडल फिरत नाही, एवढं साधं होतं ते. पप्पा शिफ्टवरून तसेच दवाखान्यात आले, दादाच्या मित्रांच्या देखत खाटेपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "फिटली का हौस?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला दिसलं. दादाला दिसलं नसावं, कारण त्यानं तोंड भिंतीकडे केलं होतं. घरी आल्यावरही त्यानं ते भिंतीकडेच ठेवलं.

त्या दिवसांचा वास अजून माझ्या नाकात आहे. आई दर दोन दिवसांनी बोकडाचे पाये आणायची, चुलीवर भाजायची आणि दिवसभर मंद आचेवर शिजवत ठेवायची. हाडाला हाड लागतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. येसर मसाल्याचा आणि मिऱ्याचा तो रस्सा ती वाटीत घालून दादाच्या उशाशी ठेवायची आणि संध्याकाळी वर साय धरलेली वाटी तशीच उचलून न्यायची. दादा बोलत नव्हता. दाढी वाढली, मित्र आधी यायचे ते फोन करायला लागले आणि मग फोनही थांबले. रेडा अंगणात जुन्या चादरीखाली उभा होता. पप्पा अंगणातून आत येताना त्या चादरीला वळसा घालत, आणि आत आले की दादाच्या दिवाणाला. बापलेक एका छपराखाली राहून महिनोन् महिने एकमेकांशी बोलले नाहीत. एक दिवस मी ज्वारीचा डबा उघडला तर दाण्यांत दादाच्या गोळ्यांची सगळी पाकिटं पुरलेली. आईनं ती लपवली होती. का लपवली ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मात्र त्या दिवसापासून दुपारी कॉलेजातून येताना गल्लीच्या तोंडापासून मी पळायला लागायचे आणि दादाची पाठ दिसेपर्यंत थांबायचे नाही.

मी तेव्हा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत होते. सायकलला मोटर बसवायची कल्पना माझी. मोटर म्हटली की पेडल नको, पेडल नको म्हणजे गुडघा वाकायला नको. मोबाइलवर असल्या गाड्यांचे ढीगभर व्हिडिओ होते. मागच्या चाकाच्या मधोमध बसणारी जाडजूड मोटर दिल्लीहून मागवली. बॅटरी शहागंजातल्या एका बोळात जावेदभाई म्हणून एक जण बनवायचे, रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. मी मोटर कुठली आणि किती ताकदीची ते सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "बेटी, ये सायकल हय की रॉकेट? किसकू बिठा रै?" मी म्हटलं, "माझ्या भावाला. त्याचा पाय गेलाय." त्यांनी चष्मा परत खाली घेतला. मग म्हणाले, "हौ, तो बनाता मैं. पन एक बात सुनो, बैटरी हिलनी नक्को. हिली तो गयी."

दादा भिंतीकडून वळला तो वायरींमुळे. मी मुद्दाम त्याच्या दिवाणाच्या कडेला सगळा पसारा मांडला आणि चुकीच्या वायरला चुकीची वायर जोडत बसले. तो बराच वेळ नुसता ऐकत होता. मग पाठीमागून त्याचा आवाज आला, किती दिवसांनी आलेला, घोगरा. "अगं ये येडे, आधी चाक तर बसव. ब्रेक कुठून काढनारेस?" मी रडायला लागले. तो म्हणाला, "रडती काय, पाना आन." दुसऱ्या दिवशी तो भिंतीला धरत अंगणात आला, चादर ओढून काढली आणि रेड्यापाशी पाटावर बसला. एक पाय लांब सरळ, दुसरा दुमडलेला. त्या आठवड्यात त्यानं दाढी केली. पायाचा रस्सा संपायला लागला. गोळ्यांची पाकिटं ज्वारीतून निघून परत फळीवर आली, आणि आई भाकरी थापताना गुणगुणते आहे हे मला एकदम जाणवलं.

अडलं ते बॅटरीपाशी. असल्या सायकलीच्या फ्रेममध्ये मोकळी जागा नसते, मधली सगळी शॉकपनं खाल्लेली. बॅटरी खालच्या तिरक्या नळीवरच बसवायची होती. दादा म्हणाला, जाड पट्ट्यांनी आवळून बांधू, सगळे तसंच करतात. आम्ही बांधून बघत होतो तेव्हा पप्पा पहिल्या शिफ्टवरून आले. अंगणात थांबले. त्या दिवशी त्यांनी वळसा घातला नाही. डबा खाली ठेवला, दादाच्या शेजारी उकिडवे बसले आणि बॅटरी हातानं हलवून बघितली. ती किंचित हलली. पट्टीकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं ती मी ओळखत होते. मग त्यांनी नळीवर टक्-टक् केलं, मान तिरकी केली, ऐकलं. "हे बांधलेलं चालायचं नाय," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, दादाशी. "ह्याला खालून ब्रॅकेट पायजे. मी करतो. टाका मारून देतो असा, की जन्मात हलनार नाय. काय रे सुगत?"

दादानं नळीवर हात ठेवला होता, तो तसाच राहिला. इतक्या महिन्यांनी पप्पांनी नाव घेऊन हाक मारली म्हणून तो अडखळला असेल, असं मला वाटलं. मग तो म्हणाला, "करा पप्पा."

पप्पांच्या कंपनीच्या लाइनवर अ‍ॅल्युमिनियम नव्हतं, पण त्यांच्या ओळखीच्या एका शेडमध्ये त्याचं मशीन होतं. सुट्टीच्या दिवशी ते तिथं गेले आणि आधी भंगारातल्या तुकड्यांवर हात बसवत राहिले. मग फ्रेम घेतली. दादा स्टुलावर बसून बघत होता, मी काळी काच डोळ्यांपुढं धरून. पप्पांचा हात काम करताना श्वाससुद्धा घेत नाही असं वाटायचं. चार टाके मारून झाले तेव्हा त्या रेघा माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या, चमकत्या होत्या. गार झाल्यावर त्यांनी हातोडी घेतली. खण्. चारही वेळा खण्. त्यांनी दादाकडे बघितलं. दादा हसला आणि म्हणाला, "एक नंबर पप्पा." घरी येताना मोटारसायकलवर आम्ही तिघं होतो, मध्ये दादा, त्याचा सरळ पाय बाहेर काढलेला, आणि पप्पा शीळ वाजवत होते.

एमआयडीसीचे रस्ते सुट्टीला मोकळे असतात. रेड्याला तिथंच पहिल्यांदा सोडलं. दादानं एक्सलेटर पिळला आणि आवाज नाही, धूर नाही, नुसती सुर्र अशी बारीक शीळ आणि तो कोपऱ्याला पोचलासुद्धा. वळून आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी वाहत होतं आणि तो ओरडत होता, म्हैसमाळला ओरडला होता तसा. पप्पा हाताची घडी घालून उभे होते. कुणीतरी ओळखीचे थांबले, "मगरे, पोराला कोन्ती गाडी घेतली?" पप्पा म्हणाले, "घेतली नाय. केली." त्या दिवशी आईनं धपाटे केले आणि दह्यात शेंगदाण्याची चटणी कालवून दिली. बापलेक एका ताटात जेवले. सुख म्हणतात ते मी बघितलेलं आहे, आणि ते किती दिवसांचं होतं हेही मला माहीत आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

पैठणला जायचं दादानं काढलं. धरणाच्या भिंतीवर उभं राहून पाणी बघायचं म्हणाला. आई नको म्हणत होती, पप्पा म्हणाले, "जाऊ दे गं. मी केलेलं हाय ते." सकाळी निघालो. पुढं दादा रेड्यावर, मागं मोटारसायकलवर पप्पा आणि मी, माझ्या मांडीवर आईनं बांधून दिलेलं भाकरी-पिठलं. सुरुवातीला दादा हळू चालवत होता, इतका हळू की पप्पाच चिडवत होते, "रेड्याला चारा घातला नाय का?" बिडकीन मागं पडलं, रस्ता मोकळा झाला आणि हळूहळू तो पुढं जायला लागला. पप्पांनी गाडी पिळली तरी तो पुढंच. त्याची पाठ ताठ होती, शर्ट फुगला होता. रस्त्यात थोडी उतरण लागली आणि उतरणीच्या तळाला, जिथं गाडी किंचित दबते, तिथं रेडा मधोमध मोडला. पुढचं चाक आत दुमडलं आणि दादा त्याच्यावरून पुढं गेला. आवाज झाला तो मी ऐकला. पप्पांनीही ऐकला. त्यानंतर त्यांनी कधी मान तिरकी करून काही ऐकलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दादा शुद्धीवर होता. पप्पांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दादाचं पहिलं वाक्य होतं, "माझीच चुकी पप्पा. खड्डा दिसला नाय." तिथं खड्डा नव्हता. रस्ता हातानं सारवल्यासारखा साफ होता. एका पिकअपवाल्यानं गाडी थांबवली, लोकांनी दादाला उचलून आत ठेवलं. सायकलचे दोन तुकडे मी गोळा केले. पप्पांनी मारलेले टाके जसेच्या तसे होते, खवल्याला खवला, ब्रॅकेटही हललं नव्हतं. नळी तुटली होती ती त्यांच्या शेजारी, बोटभर अंतरावर. पप्पांनी जाताना फक्त एकदा तिकडं बघितलं आणि मग बघितलं नाही.

तोच पाय होता. दवाखान्यात आमचे दिवस पुन्हा तेच, फक्त या वेळी पप्पा खाटेशेजारच्या स्टुलावरून उठत नव्हते. एका दुपारी आई त्यांना बळेच चहाला घेऊन गेली. दादानं माझा हात धरला. "येडे, एक सांगतो. पप्पाला बोलायचं नाय. शपथ घे." मी म्हटलं, बोल. तो छताकडे बघत म्हणाला, "अल्युमिनमच्या फ्रेमला आच लावायची नसती. दुकानात पयल्यांदा हेच शिकवत्यात. ती नळी कारखान्यात तापवून कडक केलेली असती. वेल्डिंग केलं की जोड धरतो, पन त्याच्या बाजूची जागा मऊ पडती. मला ठाव होतं." मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?" त्यानं डोळे मिटले. "पप्पा येऊन बसले होते ना गं माझ्यापाशी," तो म्हणाला. "तवा कसं म्हनू, नको? वाटलं, हळू चालवीन. हळू चालवलं तर टिकंल. मग मोकळा रस्ता लागला, आन् हळू चालवायचं ध्यानातच राहिलं नाय." मी उठून बाहेर गेले आणि जिन्यात भिंतीला डोकं लावून उभी राहिले. राग कुणाचा करायचा तेच कळत नव्हतं. आजही कळत नाही.

पप्पांना कुणी सांगायची गरज पडली नाही. नळीचा तुटका तुकडा त्यांनी जेवणाच्या पिशवीत घालून कंपनीत नेला आणि टूलरूममधल्या कुणाला तरी दाखवला. त्या संध्याकाळी ते दवाखान्यात आले ते दारातच उभे राहिले. मग दादाला विचारलं, "सुगत, हे आच लावायचं, मऊ पडायचं... तुमच्या दुकानात ठाव असतंय का?" मी दादाकडे बघितलं नाही. दादा लगेच म्हणाला, "नाय पप्पा. कुनालाच ठाव नसतंय ते." पप्पा म्हणाले, "बरं." आणि स्टुलावर बसून संत्रं सोलायला लागले.

त्यानंतर त्यांनी कंपनीत अर्ज करून वेल्डिंग सोडलं आणि पॅकिंगला गेले. खोक्यांना पट्ट्या बांधायचं काम. बांधलेल्याचा तिटकारा असलेला माणूस निवृत्त होईपर्यंत पट्ट्या आवळत राहिला. घरातली हातोडी फळीच्या मागं पडली. उन्हाळा आला तेव्हा आईनं शहागंजातून नवा माठ आणला आणि मुद्दाम त्यांच्या पुढ्यात ठेवला. "बघा की वाजवून." ते म्हणाले, "चांगलाच असंल," आणि पेपर वाचत बसले. तो माठ थेंबभरही गळला नाही. आईनं त्याच्याखाली परात ठेवायला काढली होती, ती परत जागेवर ठेवताना ती हुंदके देऊन रडली. मी आता पोरांना वायरिंग शिकवते, रस्त्यानं मोटर बसवलेल्या सायकली दिवसभर सुर्र करत जातात आणि माझी नजर अजून आधी खालच्या नळीवर जाते. न गळणाऱ्या माठासाठी रडणारी बाई मात्र मी पुन्हा कुठं बघितली नाही.

दादाचा पाय काही परत आला नाही. जखम चिघळली, पुन्हा पुन्हा कापाकापी झाली आणि शेवटी काखेतली कुबडी कायमची लागली. तो अंगणातच मोबाइल दुरुस्त करतो, गिऱ्हाइकाशी नीट बोलतो, जेवतो, झोपतो. भिंतीकडे तोंड करत नाही. पण तो ओरडणारा सुगत मी परत ऐकला नाही, आणि आता ऐकेन अशी आशाही धरत नाही.

एकच प्रसंग सांगायचा राहिला. पप्पा निवृत्त झाल्यानंतरची एक दुपार. मी माहेरी आले होते, आई ताटं वाढत होती. दादाच्या लोखंडी कुबडीचा आडवा दांडा जोडापाशी निखळला होता. बाहेर पाच मिनिटांचं काम होतं. पण दादा ती दोन्ही हातांत घेऊन, भिंतीला टेकत, एका पायावर पप्पांपर्यंत आला आणि त्यांच्यापुढं धरून म्हणाला, "पप्पा, एवढा टाका मारून द्या. लोखंड हाय. तुमच्याच हातचा पायजे." अंगणात प्रेसचा दणका चालू होता. पप्पांनी कुबडी घेतली. निखळलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता ते बोट वाकवतील, वाजवतील. त्यांनी ती मांडीवर आडवी ठेवली आणि मान खाली घालूनच बोलले.

"सुगत, तुला ठाव होतं. तवाच कळलं मला, तू एवढ्या बिगीनं नाय म्हनला तवा." आईच्या हातातला चमचा थांबला. मग पप्पा म्हणाले, "तू मला नको म्हनला असता, तर मी ऐकलं असतं रे. ऐकलंच असतं मी."

त्यांनी ऐकलं नसतं. हसले असते, लोखंडासारखंच असतं सगळं म्हणाले असते, नळी पुन्हा एकदा वाजवून दाखवली असती आणि टाका मारला असता. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं आणि दादाला आमच्या दोघींहून जास्त माहीत होतं. दादा एका पायावर उभा होता. त्यानं तोल सावरायला पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"व्हय पप्पा," तो म्हणाला. "ऐकलं असतं तुम्ही."